पर नाही, खवले नाही, तरी मासोळीच: बिनपराच्या सर्प-ईलचं कूळ कसं ठरतं?

मागच्या पावसाळ्यात पानठेल्यावर एकानं मोबाईल पुढे केला. कुठल्याशा समुद्रकिनाऱ्यावर, ओल्या जाळ्याच्या ढिगावर, एक फिकट पिवळसर, लांबोळका प्राणी वळवळत होता. तोंड टोकदार, शेपूटही टोकदार. पुढचं टोक कोणतं आणि मागचं कोणतं, हे कळायला दोनदा पाहावं लागलं. व्हिडिओखाली ठोकून दिलेलं: 'समुद्रात सापडला नवीन विषारी साप'. मी म्हटलं, हा साप नाही, मासोळी आहे. त्यावर फोनवाल्यानं टाकलेला प्रश्न वर्गातल्या बऱ्याच प्रश्नांपेक्षा नेमका होता.

"सर, याले पर नाही, खवले नाही, डोये त दिसूनच नाही राह्यले. मंग हे मासोळी काऊन म्हणता जी?"

चहा संपेपर्यंत देता येईल असं याचं उत्तर नाही. प्राणिशास्त्रानंही या प्राण्यांच्या नात्यागोत्यावर अडीचशे वर्षं खल केला आहे.

आधी थोडी ओळख

ईल हा माशांचा एक गण. अंग लांब आणि गुळगुळीत, पोटाखालची परांची जोडी नाही, आणि पाठीवरचा, शेपटीचा व पोटामागचा पर बहुतेकांत एकमेकांना जोडून एकच लांब पट्टी झालेली. या गणात सर्प-ईलचं एक मोठं कुळ आहे. शास्त्रीय नाव ऑफिक्थिडी. तीनशेहून जास्त जाती असलेलं हे कुळ मुख्यतः उष्ण समुद्रांत राहतं, आणि त्यातले बरेचसे मासे आयुष्याचा मोठा भाग वाळूत किंवा चिखलात गाडून घेऊन काढतात.

जाती, प्रजाती, कुळ, गण हे शब्द पुढे येत राहतील, म्हणून एकदाच सांगतो. जाती म्हणजे सगळ्यात खालची पायरी: रोहू ही एक जाती. जवळच्या जातींचा गट ती प्रजाती, प्रजातींचा गट ते कुळ आणि कुळांचा गट तो गण. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. बस, एवढं पुरे.

सर्प-ईलच्या कुळातली अ‍ॅप्टेरिक्टस ही प्रजाती बिनपराची म्हणून प्रसिद्ध आहे. हिच्यात सुमारे वीस जाती मोडतात. छातीचे पर नाहीत, पाठीचा नाही, पोटामागचा नाही, शेपटीचाही नाही. मुस्कट अणकुचीदार आणि खालच्या जबड्याच्या पुढे आलेलं. डोळे बारीक. कल्ल्यांची तोंडं म्हणजे गळ्याच्या खालच्या अंगाला दोन छोट्या चिरा. शेपटीचं टोक कडक. अंग बारीक, लांबी बहुतेक जातींत अर्ध्या मीटरच्या आत-बाहेर. काही जाती उथळ पाण्यात सापडतात, काही बऱ्याच खोलवर. पाणबुड्याला दिसलं तर वाळूतून वर आलेलं डोकं तेवढं दिसतं, आणि जवळ गेलं की तेही आत जातं.

व्हिडिओतला प्राणी मला पाहताक्षणी याच प्रजातीतला किंवा हिच्या सख्ख्या शेजारणीतला वाटला. दोघींत फरक कसा करतात ते पुढे येईल.

साप नाही हे कशावरून?

फोनवाल्यानं दिलेला पुरावाच त्याच्या विरोधात जातो. सापाला खवले असतात. जमिनीवरच्या सापाला असतात तसे समुद्री सापालाही असतात. अंगावर एकही खवला नाही म्हणजे साप असण्याची शक्यता उलट कमी झाली. आणि खवले नसलेली मासोळी आपण रोज बाजारात पाहतो: रोहू-कटल्याला खवले आहेत, मांगूरला कुठे आहेत?

दुसरी खूण श्वासाची. साप फुप्फुसानं श्वास घेतो. समुद्री सापालासुद्धा नाक पाण्यावर काढावं लागतं. या प्राण्याच्या गळ्याखाली त्या दोन चिरा आहेत, त्यांच्या आत कल्ले आहेत आणि हवेसाठी वर यायची त्याला गरज नाही. तिसरी खूण शेपटीची. समुद्री सापाची शेपूट वल्ह्याच्या पात्याप्रमाणे चपटी असते. सर्प-ईलची टोकदार आणि घट्ट. विषाचं म्हणाल तर सर्प-ईलला सापासारखे विषाचे दात नाहीत. मोठी जात चावली तर जखम होते, इतकंच.

फसायला मात्र जागा आहे, हे कबूल करायला हवं. याच कुळातली मायरिक्थिस प्रजातीची एक ईल काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची आहे आणि ती पट्टेदार विषारी समुद्री सापाची हुबेहूब नक्कल करते. तिला पाहून मोठे मासे फसतात. पानठेल्यावरचा माणूस फसला तर त्यात नवल नाही.

मग पर गेले कुठे?

पर पोहायला लागतात. वाळूत घुसायचं असेल तर ते अडचणच करतात. वाळूचा कण न् कण बाजूला सारत पुढे जायचं, त्यात अंगावर जितकं काही बाहेर आलेलं तितकी ओढ जास्त. पिढ्यान् पिढ्या वाळूत राहणाऱ्या प्राण्यांत पर लहान असलेल्यांचं बरं चाललं, त्यांची पिल्लं जास्त जगली, आणि लाखो वर्षांत पर छोटे होत होत गेले. डोळ्यांचंही तेच.

सर्प-ईलच्या कुळात याच्या पायऱ्या आजही पाहता येतात. कुळाच्या दोन शाखा आहेत. एका शाखेत शेपटीला अजून बारीकसा पर आहे. दुसऱ्या शाखेत तो गेला आणि टोक कडक झालं. त्या टोकानं हे मासे उलटे, शेपटीकडून, वाळूत शिरतात. याच दुसऱ्या शाखेत काहींना छातीचे पर चांगले आहेत, काहींचे नावापुरते उरलेत, आणि अ‍ॅप्टेरिक्टसकडे आलो की सगळेच संपले. पिसोडोनोफिस बोरो नावाची हिची एक नातेवाईक छातीचे पर राखून आहे आणि शेपटीनं बीळ खोदण्यात तरबेज आहे. ती खाडीत राहते आणि किनाऱ्याजवळच्या धानाच्या शेतातही शिरते. आपल्या झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, धानाच्या बांधीत ती येत नाही, समुद्र फार लांब.

खरी गंमत पुढेच आहे. पाय किंवा पर घालवणं हा धंदा निसर्गात एकाच घराण्यानं केलेला नाही. सापांनी पाय घालवले. सह्याद्रीतल्या देवगांडुळांनी घालवले, आणि ते तर बेडकाच्या नात्यातले. आपल्याकडे कुंडीतल्या मातीत निघतो तो काळसर वाळा, ज्याला पोरं गांडूळ समजतात, तो सापच आहे. त्याचे डोळे खवल्याखाली दोन ठिपके होऊन बसलेत. मांडूळही मातीत शिरून राहणारा सापच. त्याची बोथट शेपूट दुसऱ्या तोंडासारखी दिसते, म्हणून त्याला 'दुतोंड्या' म्हणतात आणि असल्या गैरसमजांपायी त्याची तस्करी होते, वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच असूनही. जमिनीखाली राहायचं ठरलं की वेगवेगळ्या घराण्यांचे प्राणी एकाच रूपाकडे सरकतात. शास्त्रात याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

म्हणून वर्गीकरण करणारा माणूस एका गोष्टीपासून फार सावध असतो. एखाद्याकडे काय नाही, यावरून त्याचं कूळ सांगता येत नाही. पर नाहीत, डोळे नाहीत, खवले नाहीत: ही यादी कितीही लांबवा, ती दहा वेगवेगळ्या घराण्यांना लागू पडेल. पाहायचं असतं ते काय आहे ते, आणि त्यातही असं काही, जे राहणीमानामुळे सहज येत-जात नाही.

मग 'काय आहे' ते कुठे शोधायचं?

सर्प-ईलच्या बाबतीत एक जागा गळा. माशाच्या कल्ल्यांखाली बारीक हाडांच्या काड्या असतात. या कुळात त्या काड्या संख्येनं खूप आणि दोन्ही बाजूंच्या काड्या गळ्याच्या मध्यरेषेवर एकमेकींवर चढलेल्या. बाहेरून काही दिसत नाही. चिरून, रंगवून किंवा क्ष-किरणांखाली पाहावं लागतं. पण पर असलेली सर्प-ईल घ्या की बिनपराची घ्या, ही रचना सापडते. वाळूत राहणारी दुसऱ्या कुळातली, तितकीच लांब, तितकीच गुळगुळीत मासोळी घ्या, सापडत नाही. दुसरी जागा नाक. माशाला दोन्ही बाजूंना दोन-दोन नाकपुड्या असतात. सर्प-ईलची मागची नाकपुडी बहुधा वरच्या ओठातून किंवा थेट तोंडाच्या आत उघडते. असलं विचित्र नाक दोन घराण्यांना योगायोगानं मिळणं अवघड.

कुळाच्या वरची पायरी, म्हणजे ईल हा सगळा गण, कशावर उभा आहे, ती गोष्ट मला जास्त आवडते. तिथे पुरावा मोठ्या माशात नाही, पिल्लात आहे.

समुद्रात जाळ्याला कधीकधी काचेसारखी पारदर्शक, पानासारखी चपटी, इवल्या डोक्याची पिल्लं लागत. ती इतकी वेगळी दिसत की एकोणिसाव्या शतकापर्यंत शास्त्रज्ञ त्यांना स्वतंत्र मासे समजत. लेप्टोसेफालस अशी त्यांची एक प्रजातीच केलेली होती, आणि १८५६ मध्ये काउप या जर्मन शास्त्रज्ञानं त्यातल्या एका पिल्लाला जातीचं नावही देऊन टाकलं. पुढे १८९० च्या दशकात ग्रासी आणि कालांद्रुच्चो या इटालियन जोडीनं सिसिलीजवळच्या समुद्रातली ही पिल्लं पाळून पाहिली. चपटं पान आखडत गेलं, गोल झालं, आणि काउपची ती वेगळी 'जाती' साध्या नदीतल्या ईलचं बाळरूप निघाली.

आज लेप्टोसेफालस हे त्या बाळरूपाचं नाव म्हणूनच उरलं आहे. अ‍ॅप्टेरिक्टसचं पिल्लूही असलंच पान असतं. आणि या पिल्लामुळे ईलचं एक अनपेक्षित सोयरं उघडं पडलं. टारपन नावाचा मासा आहे. मोठाल्या चंदेरी खवल्यांचा, दुभंगलेल्या शेपटीचा, ईलशी कुठल्याही अंगानं न जुळणारा. त्याचं पिल्लूही पानासारखं पारदर्शक. १९६६ मध्ये ग्रीनवुड, रोझेन, वाइट्झमन आणि मायर्स या चौघांनी माशांच्या मोठ्या गटांची फेरमांडणी केली तेव्हा या पिल्लाच्या आधारावर ईल आणि टारपन यांना एका मोठ्या घराण्यात ठेवलं. नंतरच्या जनुकीय अभ्यासांतही ते घराणं टिकून राहिलं.

म्हणजे ईलच्या गणाबाहेर सर्प-ईलचा जवळचा नातलग कोण? सापासारखा दिसणारा कोणी नाही. खवल्याखवल्यांचा, पाण्याबाहेर उड्या मारणारा चंदेरी टारपन.

आणि आपली वाम?

हा प्रश्न विदर्भात येणारच. वैनगंगेत, तळ्या-बोड्यांत ढिवर बांधवांच्या जाळ्यात येते ती वाम, कुठे बाम म्हणतात तीच, लांब आणि सापासारखी. मग तीही ईलच ना?

नाही. एकदा बाजारात वाम हातात घेऊन पाहा. तिच्या पाठीवरून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं की टोचतं: सुट्या, बारीक काट्यांची रांग असते, आणि एरवी ते काटे पाठीत दबलेले असतात. खऱ्या ईलला असे काटे नसतात. मुस्कटाच्या टोकाला लवलवतं मांसल सोंडुकलं असतं, आणि नीट पाहिलं तर त्याला तीन टोकं दिसतात: मधलं सोंडेचं, दोन बाजूंची नाकपुड्यांच्या नळ्यांची. कल्ल्यामागे छातीचे लहान गोल पर शाबूत असतात. आणि तिच्या आयुष्यात तो काचेच्या पानाचा टप्पा येत नाही.

हाडं आणि जनुकं दोन्ही सांगतात की वाम ज्या गणात आहे त्याचा जवळचा शेजारी गण आहे मरळीचा. म्हणजे थाळीतली वाम ही ईलपेक्षा मरळीच्या जास्त जवळची. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही पटायला वेळ लागला होता, कारण मरळीचं ते दांडगं डोकं आणि वामीची सोंड यांत काय साम्य! पण दिसण्यावर जायचं नाही असं एकदा ठरवलं की ठरवलं.

वामीच्या त्याच गणात दलदलीतल्या ईल म्हणवणाऱ्या मासोळ्या आहेत. त्यांनीही पर जवळजवळ पूर्ण घालवलेत, आणि त्यांची एक जात आपल्या सह्याद्रीतही आहे. म्हणजे बिनपराचं होण्याचा उद्योग माशांमाशांतच निदान दोन वेगळ्या घराण्यांनी केला.

गोंधळात भर म्हणून कोकणात आणि मुंबईच्या बाजारात 'वाम' म्हणून जी विकतात ती समुद्रातली, मोठ्या दातांची, खरी ईल आहे. अमरावतीचा माणूस मुंबईत वाम मागतो तेव्हा त्याच्या ताटात वेगळ्याच गणाचा मासा येतो.

बिनपरांतल्या बिनपरांत फरक कसा करायचा?

अ‍ॅप्टेरिक्टस एकटीच असती तर काम सोपं होतं. तिच्याबरोबर आणखीही प्रजाती पर गमावून बसल्या आहेत: इक्थायापस, सिरिकेक्युला, स्टिक्टोरायनस. चौघी एका रांगेत ठेवल्या तर माझ्यासारख्याला चार दोऱ्या दिसतील.

इथे सगळा कारभार इंचाच्या अंशात चालतो. भिंग लावून मुस्कटाची खालची बाजू पाहायची. पुढची नाकपुडी छोट्या नळीसारखी बाहेर आली असेल तर अ‍ॅप्टेरिक्टसकडे बोट जातं. कातडीच्या पातळीलाच नुसतं भोक असेल तर इक्थायापसकडे. वरच्या ओठाला बारीक तंतूंची किनार असेल तर सिरिकेक्युला. व्हिडिओ पाहून मी नाव का सांगितलं नाही ते आता कळलं असेल. दोन मिलिमीटरची नळी आहे की नाही हे त्या हलत्या चित्रात देवालाही दिसलं नसतं.

प्रजाती कळली तरी जाती उरतेच. तिथे डोक्यावरच्या सूक्ष्म छिद्रांची संख्या, अंगाच्या मानानं डोक्याची लांबी, रंग, आणि मुख्य म्हणजे पाठीचे मणके मोजतात. सर्प-ईलला शंभराहून जास्त मणके असतात, आणि एका जातीत ही संख्या ठरावीक मर्यादेत राहते. क्ष-किरण छायाचित्र काढायचं, ते उजेडावर धरायचं आणि टाचणी घेऊन एकेक मोजायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसचे जॉन मॅककॉस्कर यांनी १९७७ मध्ये या सगळ्या कुळाच्या हाडांचा अभ्यास करून वर्गीकरण बांधलं. त्यांनीच जपानच्या युसुके हिबिनो यांच्यासोबत २०१५ मध्ये अ‍ॅप्टेरिक्टसचा फेरआढावा घेतला आणि पाच नव्या जातींची भर घातली. त्यातल्या एकीचं नाव आहे अ‍ॅप्टेरिक्टस मलबार. आपल्या देशाच्या किनाऱ्याचं नाव लावणारी ही मासोळी २०१५ पर्यंत शास्त्राच्या वहीत नव्हती.

नावं सारखी बदलतात, मग या शास्त्राचा भरवसा काय?

हा आक्षेप मी दर वर्षी ऐकतो, आणि ऐकवणारे बहुधा परीक्षेच्या तोंडावर आलेले असतात. त्यांना मी सातबारा आठवायला सांगतो.

शेत मोजायला मोजणीदार आला की तो आधी काय शोधतो? धुऱ्यावरचा हद्दीचा दगड. मालक बदलो, वाटण्या होवोत, मोजणी त्या दगडापासून. प्राण्यांच्या नावात हा दगड म्हणजे प्रमाण-नमुना: ज्या एका माशावरून जातीचं पहिलं वर्णन लिहिलं तो मासा, संग्रहालयातल्या बाटलीत जपलेला. जातीचं नाव त्या माशाला बांधलेलं असतं. ती जाती कोणत्या प्रजातीत मोडते हा मात्र अभ्यासाचा निष्कर्ष असतो, आणि अभ्यास पुढे गेला की फेरफार होतो. फेरफार झाला म्हणून शेत हललं असं कोणी म्हणत नाही. उलट जुन्या नोंदी वहीत राहतात आणि कोणालाही मागे जाऊन तपासता येतात.

एक खरा फेरफार पाहू. भूमध्य समुद्रातल्या या गटातल्या एका मासोळीला स्वीडनचा शास्त्रज्ञ लिनियस यानं १७५८ मध्ये म्युरीना सीका असं नाव दिलं. त्या काळी बहुतेक ईल म्युरीना या एकाच प्रजातीत कोंबलेल्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या ड्युमेरिलनं बिनपरांसाठी अ‍ॅप्टेरिक्टस हे नाव काढलं, आणि आज लिनियसची मासोळी अ‍ॅप्टेरिक्टस सीकस आहे. पहिला शब्द बदलला. दुसरा, व्याकरणापुरता शेवट सोडला तर, २६० वर्षांहून जास्त काळ तसाच आहे.

दुसरी आणखी फिरलेली. पश्चिम अटलांटिकमधली केंडली ही जाती. गिल्बर्टनं १८९१ मध्ये तिला स्फॅगेब्रँकस प्रजातीत घातलं. पाच वर्षांनी जॉर्डन आणि एव्हरमन यांनी तिच्यासाठी वर्मा नावाची नवी प्रजाती उभी केली. (उत्तरेकडच्या वर्मांशी काही संबंध नाही.) नंतर लक्षात आलं की वर्मा आणि अ‍ॅप्टेरिक्टस यांत वेगळं काढण्यासारखं काही नाही. मग दोन्हींतलं कोणतं ठेवायचं? नियम सरळ आहे: जे आधी छापलं गेलं ते. वर्मा हे नाव बाद झालं आणि मासोळी अ‍ॅप्टेरिक्टस केंडली झाली. कोण मोठा शास्त्रज्ञ, कोणत्या देशाचा, कोणाचं नाव कानाला गोड, याला त्यात जागा नाही.

असले नियम आंतरराष्ट्रीय संहितेत लिहिलेले आहेत, आणि प्राण्यांच्या नावांची सगळी मोजणी लिनियसच्या 'सिस्टेमा नॅचुरे' या ग्रंथाच्या १७५८ च्या आवृत्तीपासून धरतात. माझं मत विचाराल तर नाव बदलणं हीच भरवशाची खूण आहे. जी वही कधीच दुरुस्त होत नाही तिच्यावर संशय घ्यावा.

सरळ डीएनए तपासून टाकत का नाहीत?

तपासतात, आणि त्यामुळे बरेच जुने वाद मिटले. पण जुने प्रमाण-नमुने बहुधा फॉर्मॅलिनमध्ये टिकवलेले असतात, आणि फॉर्मॅलिन डीएनएची वाट लावतं. नव्या माशाचा डीएनए हातात आला तरी तो कोणत्या नावाचा, हे ठरवायला त्या जुन्या बाटलीतल्या माशाशी ताडून पाहावंच लागतं, आणि तिथे नाकाची नळी आणि मणकेच उपयोगी पडतात. शिवाय या मासोळ्या वाळूत लपणाऱ्या. काही जाती जेमतेम हातावर मोजण्याइतक्या नमुन्यांवरून माहीत आहेत. जनुकं आणि हाडं ही एकाच खटल्यातली दोन साक्षीदार आहेत, दोघांची साक्ष घ्यावी लागते.

समुद्र शेकडो किलोमीटरवर, आम्हाला याचं काय?

अ‍ॅप्टेरिक्टस पाहायला विदर्भात कोणाला मिळणार नाही, खरं आहे. पण तिच्यासाठी वापरलेली नजर आपल्या नदीला लावली की एक चांगलाच मोठा प्रश्न समोर येतो.

आपल्या नद्यांशी संबंध असलेली एक खरी ईल आहे: अहिर. गोदावरीच्या खोऱ्यातली ही मासोळी मोठी होते गोड्या पाण्यात, पण अंडी घालायला समुद्रात जाते. तिची पानासारखी पिल्लं समुद्रात वाढतात, रूप बदलतात आणि मग नदीच्या मुखातून उलटी वर चढतात. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, गोदावरी बंगालच्या उपसागराला. अहिरची वाट तीच. त्या वाटेवर धवळेश्वरमचा बंधारा एकोणिसाव्या शतकापासून उभा आहे, सिरोंच्यासमोर मेडीगड्डाचा बंधारा आहे, वर वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण.

वामीला यातल्या कोणत्याच भिंतीचा तसा अडथळा नाही, ती आपल्याच तळ्यात, नदीत अंडी घालते. तिला पाणी, चिखल आणि काठची झाडोरा-वनस्पती मिळाली की पुरे. अहिरला मात्र समुद्रापर्यंतची अख्खी नदी लागते.

आता ग्रामपंचायतीतली लोकजैवविविधता नोंदवही उघडा. गावातल्या प्राणी-वनस्पतींची नोंद ठेवणारी ही वही २००२ च्या जैवविविधता कायद्यानं आली. माझ्या पाहण्यात आलेल्या वह्यांत लांब, सापासारख्या सगळ्या मासोळ्यांसाठी एकच ओळ होती: वाम, आहे. त्या ओळीत अहिरही कोंबली गेली असेल तर ती नदीतून नाहीशी झाली तरी वहीत 'आहे'च राहील, कारण वाम आहे. कोणी फसवलं नाही, कोणी खोटं लिहिलं नाही, तरी नोंद खोटी ठरेल. जुन्या ढिवर मंडळींना हा फरक हातानं कळतो. वही भरताना त्यांना बोलावलं तर अर्धं काम तिथेच होईल.

जाळ्यात लांब मासोळी आली तर काय पाहायचं?

पाठीवर सुटे काटे आहेत का, हे पहिलं. असतील तर वाम. काटे नाहीत आणि पाठीपासून शेपटीला वळसा घालून पोटाकडे गेलेली एकच सलग पराची पट्टी आहे, शिवाय कल्ल्यामागे छातीचे पर आहेत, तर ती अहिर असू शकते आणि तिची नोंद मोलाची. कातडीवर ठळक खवले आणि दुभंगलेली जीभ दिसली तर तो पाणदिवड किंवा दुसरा कोणी साप आहे. त्याला हात न लावता जाळ्यातून सुटू द्या.

नोंद करायची तर फोटो तीन हवेत: अख्ख्या अंगाचा बाजूनं, डोक्याचा अगदी जवळून, आणि गळ्याच्या खालच्या बाजूचा. शेजारी पट्टी नसेल तर काडेपेटी ठेवा म्हणजे मापाचा अंदाज येतो. गाव, नदी किंवा तळं आणि तारीख लिहा. 'वैनगंगा' एवढ्यावर न थांबता कोणत्या घाटाजवळ तेही. नागपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, पुण्याला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे. दोन्हीकडे असे फोटो ओळखू शकणारी माणसं बसलेली असतात. मासोळी जिवंत असेल तर ओल्या गोणपाटावर ठेवूनच फोटो काढा आणि लगेच पाण्यात सोडा. कोरड्या फरशीवर ठेवलीत तर फोटो निघायच्या आत ती निसटून नालीत गेलेली असेल.